1914 चा ख्रिसमस ट्रूस (युद्धविराम): आयरिश सैनिकाने घरी काय कळवलं असेल?

बेलफास्टची_सून
नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन इकडे बेलफास्टला आले. माझ्या सासूबाईंचे आजोबा पहिल्या महायुद्धात ब्रिटिश आर्मीत होते, रॉयल आयरिश रायफल्सची पहिली बटालियन, साधे रायफलमन. घरात सगळे सांगतात की 1914 च्या ख्रिसमसला जर्मन आणि हे लोक खंदकातून बाहेर येऊन भेटले त्यात आजोबा होते. परवा कपाट आवरताना सासूबाईंना त्यांचं आईला पाठवलेलं एक कार्ड सापडलं, तारीख 27 डिसेंबर 1914. मला एवढा आनंद झाला, पण कार्डावर काहीच नाही हो! छापील ओळी आहेत आणि बहुतेक सगळ्या पेन्सिलने खोडल्यात. शिल्लक फक्त तीन, मी अगदी ठीक आहे, तुमचं पार्सल मिळालं आणि सवड मिळताच पत्र पाठवतो. खाली सही.
दोनच दिवसांपूर्वी एवढं मोठं काही झालं आणि माणूस आईला एक शब्द लिहीत नाही? लिहायची बंदी होती का? की घरचे सांगतात ती नुसती ऐकीव गोष्ट? सासूबाई 84 च्या आहेत, त्यांना हे कळावं असं फार वाटतंय म्हणून विचारतेय, कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

जुनी_टपाल
ताई, हे कार्ड जपून ठेवा, प्लास्टिकच्या साध्या पाकिटात नको, ॲसिड-फ्री कागदात ठेवा. याला फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड म्हणतात. त्याच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरात सूचना असेल बघा, की सही आणि तारीख सोडून काहीही जास्तीचं लिहिलं तर कार्ड नष्ट केलं जाईल. म्हणजे त्यांनी मनात आणलं असतं तरी कार्डावर "आई, आज जर्मन भेटले" असं लिहिता आलंच नसतं. नको त्या ओळी खोडायच्या आणि द्यायचं पाठवून, बस. तिकीट लागायचं नाही, सैनिकांची टपाल फुकट होती, आणि फ्रान्सहून दोनतीन दिवसांत घरी यायची, त्यामुळे लढाईतून किंवा फ्रंट लाइनमधून बाहेर आलं की लोक आधी हे कार्ड टाकायचे कारण घरच्यांना एकच जाणून घ्यायचं असायचं, जिवंत आहे ना.
आता जी ओळ त्यांनी खोडली नाही तिच्याकडे बघा. सवड मिळताच पत्र पाठवतो. खोडायला एक रेघ पुरली असती पण ठेवलीय. माझ्या मते पत्र लिहायचं त्यांच्या डोक्यात नक्की होतं.
आणि लिहायला बंदी नव्हती, पण वाचलं जायचं. साध्या सैनिकाचं पत्र त्याच्याच कंपनीचा ऑफिसर उघडं वाचून मग सही करायचा. गावाचं नाव, युनिट कुठे आहे, पुढे कुठे जाणार, हे काही चालायचं नाही. ट्रूसबद्दल मात्र शेकडो पत्रं तशीच घरी गेलीत, कारण वाचणारा ऑफिसरही बऱ्याचदा त्याच दिवशी बाहेर जाऊन हात मिळवून आलेला.

खंदक_वाचक
घरचे सांगतात ते खरं असण्याची शक्यता भरपूर आहे. ही बटालियन युद्ध सुरू झालं तेव्हा एडनला होती, नोव्हेंबर 1914 मध्ये फ्रान्सला उतरली आणि ख्रिसमसला लाव्हांती गावाच्या बाजूला लाइनमध्ये होती. त्यांच्या वॉर डायरीत ट्रूसची नोंद आहे. आधी जर्मनांकडून गाणी आणि हाका, मग एक रायफलमन धाडस करून बाहेर गेला, त्याच्यावर गोळी झाडली नाही, उलट एक सिगार हातात देऊन परत जा म्हणाले. मग एक जर्मन ऑफिसर आला, त्याने दोन दिवस गोळीबार बंद ठेवू म्हणून मागितलं तर यांनी एकच दिवस कबूल केला. तो सिगारवाला तुमचे आजोबा असं म्हणता येणार नाही, पण ते त्या वेळी लाइनमध्ये असतील तर हे सगळं त्यांच्यासमोर घडलं.
अजून एक. याच बटालियनचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल लॉरी बायकोला नियमित पत्रं लिहायचे. मार्च 1915 मध्ये फ्रान्समधल्या न्यव्ह शापेलच्या लढाईत ते मारले गेले आणि बायकोने ती सगळी पत्रं नंतर छापली, ख्रिसमसच्या दिवसांतलीही त्यात आहेत. सासूबाईंना जरूर वाचून दाखवा, आजोबा ज्या चिखलात उभे होते तोच चिखल आहे त्यात. अर्थात ऑफिसरांची पत्रं त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून बंद जायची त्यामुळे ते मोकळेपणाने लिहू शकत होते, रायफलमनला ती सोय नव्हती.

बेलफास्टची_सून
मनापासून आभार, सूचना खरंच आहे कार्डावर, आम्ही भिंग लावून वाचली!! सासूबाईंनी "लेटर फॉलोज" (पत्र पाठवतो) या ओळीवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ ते काढलंच नाही. पण मग ते पत्र घरात का नाही? कार्ड जपलं आणि पत्र नाही, असं कसं? आजोबा न्यव्ह शापेलला जखमी होऊन परत आले, पुढे म्हातारे होऊन गेले, पण लढाईबद्दल घरात बोलायचेच नाहीत. कॅथलिक घर, फॉल्स रोडजवळ, म्हणजे बेलफास्टच्या आयरिश राष्ट्रवादी वस्तीत.

लिफीकाठचा
मी डब्लिनला असतो, इथे असं घरोघरी आहे. सुमारे दोन लाख आयरिश लोक त्या युद्धात ब्रिटिश गणवेशात लढले, कोणी पगारासाठी, कोणी आधीपासूनच नोकरीत, कोणी आयरिश राष्ट्रवादी नेते रेडमंड म्हणाले म्हणून, आणि ते तिकडे असतानाच डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध 1916 चा उठाव झाला, पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या, मग 1919 पासून आयरिश स्वातंत्र्ययुद्ध. गेले तेव्हा बँड वाजवून पाठवलेला मुलगा परत आला तेव्हा ज्या सैन्याचा गणवेश त्याच्या अंगावर होता ते सैन्य गल्लीत छापे घालत होतं. कित्येक घरांनी पदकं, फोटो, पत्रं ट्रंकेच्या तळाशी टाकली नाहीतर चुलीत घातली. इथे नुसतं "द ट्रूस" म्हटलं तर लोकांना 11 जुलै 1921 चा, त्या स्वातंत्र्ययुद्धातला युद्धविराम आठवतो, तुमच्या आजोबांचा नाही. त्या दुसऱ्या ट्रूसमध्येही हजारो आयरिश माणसं ब्रिटिशांच्या कैदी छावण्यांत अडकलेलीच होती, काउंटी डाउनमधल्या बॅलीकिनलरला नोव्हेंबर 1921 मध्ये, म्हणजे ट्रूस चालू असताना, सुटका होऊन चाललेल्या सोबत्यांना निरोप द्यायला कुंपणापाशी गेलेल्या टायग बॅरी या कैद्याला पहारेकऱ्याने गोळी घातली. एकाच घरात एक भाऊ फ्रान्सहून आईला लिहितोय आणि काही वर्षांनी दुसरा छावणीतून, अशीही घरं होती, आणि आईने त्यातलं कुठलं पत्र भिंतीवर लावायचं सांगा. तेव्हा न बोलण्याचा राग मानू नका आजोबांचा. कार्डावर काहीच लिहिलेलं नव्हतं म्हणूनच ते वाचलं असावं असं मला वाटतं.

खडकीकर
थोडं अवांतर पण राहवत नाही. त्या भागात शेजारीच इंडियन कोर होती, 39 वी गढवाल रायफल्स ख्रिसमसला जर्मनांना भेटल्याची नोंद आहे. आणि आमच्या खडकीच्या सॅपर्सच्या (लष्करी इंजिनिअर तुकडीच्या) 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या ऑक्टोबर 1914 मध्ये न्यव्ह शापेलला लढल्या, त्यात मराठे होते. त्यांची पत्रंही सेन्सॉर होऊनच जायची, लिहिता न येणाऱ्यांची दुसऱ्या कोणीतरी लिहून दिलेली. त्यांच्या आया सुद्धा वाट बघतच असणार की.

जुनी_टपाल
ताई, पत्र शोधायचा एक रस्ता अजून आहे. तेव्हा घरचे लोक सैनिकाचं पत्र स्थानिक पेपरला नेऊन द्यायचे आणि पेपर ते छापायचे. ट्रूसची पत्रं जानेवारी 1915 मध्ये धडाधड छापून आली, 8 जानेवारीला तर डेली मिररने पहिल्या पानावर दोन्हीकडच्या सैनिकांचा एकत्र फोटो टाकला. पत्र पेपरात देऊन परत न मिळालेलंही असू शकतं. कॅथलिक घर म्हणजे आधी आयरिश न्यूज बघा, तो कॅथलिकांचा पेपर, मग बेलफास्ट टेलिग्राफ आणि नॉर्दर्न व्हिग, जानेवारी आणि फेब्रुवारी 1915. नुसत्या आडनावाने सर्च करू नका, जुनी छपाई असल्यामुळे कॉम्प्युटर अक्षरं चुकीची वाचतो, रस्त्याचं नाव टाका, कारण पेपरवाले "अमुक रस्त्यावरच्या मिसेस अमुक यांच्या मुलाचं पत्र" असं छापायचे. रस्ता माहीत नसेल तर 1911 ची जनगणना ऑनलाइन फुकट आहे, बेलफास्टसकट, त्यात घर नंबर मिळेल आणि कोणाला लिहितावाचता येत होतं तेही. सर्व्हिस रेकॉर्डची फार आशा धरू नका, निम्म्याहून जास्त 1940 च्या बॉम्बिंगमध्ये जळाली.

बेलफास्टची_सून
जनगणनेत घर सापडलं! आई आणि मुलगा दोघांच्याही पुढे वाचता-लिहिता येतं असं आहे. शनिवारी सासूबाईंना घेऊन सेंट्रल लायब्ररीत पेपर बघायला जातेय, काही मिळालं तर इथेच लिहिते.