क्लोझापिनला हा नियम लावू नका

दोन-तीन दिवस गोळी चुकली तर आठवेल तेव्हा नेहमीचा डोस पुन्हा सुरू करायचा, असा सल्ला काही जण देतात. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या गोळीच्या बाबतीत कृपया असं करू नका. ४८ तासांहून जास्त खंड पडला की ती डॉक्टरांना विचारून १२.५ मिलिग्रॅमपासून, म्हणजे २५ च्या अर्ध्या गोळीपासून, पुन्हा चढवत न्यावी लागते. शरीराची सवय मोडलेली असते. बीपी एकदम पडतं, फिटही येऊ शकते.

माझ्या भावाच्या गोळ्या लग्नाच्या गडबडीत घरीच राहिल्या. तीन रात्री गेल्या. परतल्यावर आईने काळजीपोटी लगेच रोजचा ३०० चा डोस दिला. पहाटे तो मोरीच्या उंबऱ्याशी कोसळला, कपाळाला चार टाके पडले. आधी डॉक्टरांना फोन करायला हवा होता, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आता गोळ्यांची एक पट्टी आईच्या पर्समध्ये कायम असते.