लॅपटॉप कायम चार्जरला लावून ठेवणार असाल तर
घरी एकाच जागी वापरायला लॅपटॉप घ्यावा की डेस्कटॉप, असं विचारलं की 'लॅपटॉपच घ्या, टेबलावर ठेवला की झाला डेस्कटॉप' असा सल्ला मिळतो, तो मला पटत नाही. आम्ही कोथरूडच्या घरी नेमकं हेच केलं. तीन वर्षं लॅपटॉप रात्रंदिवस चार्जरला. एके दिवशी टचपॅडचं क्लिक होईना. नीट पाहिलं तर आतली बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला होता! लिथियम बॅटरी सतत १०० टक्के भरलेली आणि गरम राहिली की लवकर खराब होते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती पहिल्या दिवशीच चालू करा.

मशीन जागचं हलणारच नसेल तर सरळ डेस्कटॉप घ्या, पण यूपीएससकट (वीज गेल्यावर थोडा वेळ मशीन चालू ठेवणारा बॅटरीचा डबा). पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तेव्हा काम सेव्ह करण्यापुरता वेळ तरी मिळतो.