सडका, आंबवलेला की मुरवलेला? ‘होंगऑ’साठी मराठी क्रियापद

प्रश्न : कोरियातल्या जल्ला प्रांतात ‘होंगऑ’ हा मासा उग्र वास सुटेपर्यंत ठेवून मग कच्चाच खातात. मराठीत कुणी ‘सडवलेला’ लिहितं, कुणी ‘आंबवलेला’. बरोबर कोणतं?

उत्तर : माझ्या मते दोन्ही नकोत. होंगऑ हा आपल्या पाकटाच्या गोतावळ्यातला चपटा मासा. नावातल्या ‘ऑ’चा अर्थच मासा. (‘होंगिओ’ लिहू नये. रोमन लिपीत ‘ईओ’ अशी दोन अक्षरं दिसतात, पण स्वर एकच आहे.) पाकट, मोरी (छोटा शार्क) यांच्या अंगात युरिया भरपूर असतो. मासा ठेवला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. शिळी मोरी हाताळलेल्यांना तो दर्प ओळखीचा असेल. अमोनिया अल्कधर्मी, त्यामुळे मांस नासवणाऱ्या इतर जिवाणूंचा तिथे निभाव लागत नाही. इडलीचं पीठ आंबतं, कारण त्यात आम्ल तयार होतं. इथे नेमकं उलट घडतं. परंपरेने मीठही लावत नाहीत, म्हणजे ‘खारवलेला’ही बाद.

‘सडवलेला’ला मात्र माझा खरा विरोध आहे. सडण्यासाठी कोरियनमध्ये ‘स्सॉक्ता’ हे वेगळं क्रियापद आहे. होंगऑसाठी ते वापरत नाहीत, ‘साक्ता’ वापरतात. या ‘साक्ता’चा पसारा पाहा: खारवलेली मासळी मुरते तेही साक्ता, पोटात अन्न जिरतं तेही, राग जिरतो तेही. मराठीने हे काम ‘मुरणे’ आणि ‘जिरणे’ यांत वाटून घेतलंय, पण कल्पना तीच. मातीच्या रांजणात पेंढ्याच्या थरांत दिवसेंदिवस ठेवलेल्या माशाला ‘मुरवलेला’च म्हणावं.

जॉंग याक-जॉन या विद्वानाने हुक्सान बेटावर हद्दपारीत असताना 1814 साली ‘जासान ऑबो’ हा माशांवरचा ग्रंथ लिहिला. जल्ला प्रांतातल्या नाजू शहराच्या आसपासच्या लोकांना हा मासा असा आवडतो, अशी नोंद त्यात आहे. पण त्यासाठी त्याने योजलेलं चिनी अक्षर नासलेल्या मासळीचं आहे. तो स्वतः या भागातला नव्हता. बाहेरच्याला नासलेलं दिसतं आणि घरच्याला मुरलेलं, हा फरक भाषांतरात हरवू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : आणि चवीला काय म्हणायचं? ‘तिखट’ चालेल?

उत्तर : नाही, मिरचीचा तिखटपणा वेगळा. कोरियन म्हणतात ‘तोक स्सोदा’. मधमाशी डंख मारते तेव्हाही ‘स्सोदा’च, आणि फटकळ बोलण्यालाही ‘तोक स्सोदा’. आपल्याकडे मोहरी नाकाला झोंबते, बोलणंही झोंबतं. ‘झोंबणे’ अगदी चपखल बसतं. ‘सामहाप’ या प्रकारात होंगऑचा काप, उकडलेलं डुकराचं मांस आणि जुनी, मुरलेली किमची (कोबीचं कोरियन लोणचं) असा एकच घास करतात. तिथेही आधी झोंबतो तो मासाच.

एक सूचना. इंटरनेटवर काही कोरियन लोक ‘होंगऑ’ हा शब्द जल्ला प्रांतातल्या माणसांना हिणवायला वापरतात. त्या प्रांतात लग्नकार्यात मानाने वाढला जाणारा हा पदार्थ. तेव्हा गमतीनेसुद्धा हा शब्द कुणा माणसाला लावू नका.