नामचेला रेस्ट डे ठेवायचा की कापायचा? १३ जणांचा ग्रुप आहे, सल्ला हवाय

घोडबंदरची_धाकटी
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमच्या सोसायटीतले १३ जण एव्हरेस्ट बेस कॅम्पला चाललोय, काठमांडूहून लुकलाला विमान आणि पुढे पायी. वयं २४ ते ५६. चार महिने दर रविवारी पहाटे ठाण्यातला येऊरचा डोंगर, दोनदा कळसूबाई, आणि लिफ्ट बंद समजून चौदा मजले जिना, अशी तयारी चालू आहे. प्लॅनमध्ये दोन रेस्ट डे आहेत, एक नामचे बाजारला (३४४० मीटर) आणि एक दिंगबोचेला (४४१० मीटर). आता व्हॉट्सअ‍ॅपवर भांडण असं की तिघांना रजा मिळत नाहीये, म्हणून नामचेचा दिवस कापा. "नामचेला हॉटेलात बसून गरम सूप प्यायला एवढे पैसे भरलेत का" असा मेसेज आला आणि त्याला सात अंगठे पडले.

हा मेसेज टाकणारे म्हणजे माझे मोठे दीर. वय ५६, बीपीची गोळी चालू, पण चालायला आमच्या सगळ्यांच्या पुढे, कळसूबाई इतक्या वेळा केलाय की आता मोजत नाहीत. माणूस सोन्यासारखा आहे पण आयुष्यात कधी "मला त्रास होतोय" म्हणालेला नाही, अपेंडिक्स फुटायला आलं होतं तेव्हासुद्धा गॅस झालाय म्हणून ओवा खात बसले होते. ग्रुपची जबाबदारी माझ्यावर आहे आणि मी धाकटी जाऊ, त्यामुळे काय बोलायचं ते तोलून मापून बोलावं लागतं. तर दिवस कापला तर खरंच काय बिघडतं, आणि नाही कापला तर त्या दिवशी १३ जणांना करायला काय लावू?

येऊर_सकाळी_सहा
कापू नका. हिशोब बघा. पहिली रात्र फाकडिंग २६१०, दुसरी नामचे ३४४०, म्हणजे एका दिवसात ८३० मीटर. ३००० च्या वर गेलं की झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढायची, असा साधारण नियम आहे. तुम्ही तो दुसऱ्याच रात्री मोडलेला असतो, नामचेची दुसरी रात्र ही त्याची भरपाई आहे. ती कापून तेंगबोचे ३८६० आणि मग दिंगबोचे ४४१० केलंत तर तीन दिवसांत १८०० मीटर. कळसूबाई १६४६ आहे, म्हणजे अख्ख्या कळसूबाईपेक्षा जास्त, आणि तेही समुद्रसपाटीवर राहणाऱ्या ठाणेकरांनी.

येऊरने पाय तयार होतात, फुप्फुसाला उंचीची ओळख होत नाही, तिथे हवा आपल्या तलावपाळीइतकीच जाड असते.

कोपरीचा_वाघ
आम्ही पाच मित्र, नामचेचा हॉल्ट मारला नाही, काही झालं नाही कोणाला. उगाच घाबरवू नका लोकांना. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्या आणि चालत सुटा.

कळव्याचा_डॉक्टर
वाघसाहेब, तुम्हाला झालं नाही याचा आनंद आहे, पण हेल्मेट न घालता घोडबंदरवरून रोज सुखरूप घरी येणारे पण खूप आहेत.

धाकटी ताई, ग्रुपला समजावायचं असेल तर हे सांगा. वर हवेचा दाब कमी असतो, ५५०० मीटरच्या आसपास समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा. शरीर पहिला उपाय करतं तो म्हणजे श्वास वाढवतं. जास्त श्वास म्हणजे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर, त्याने रक्त अल्कलीकडे झुकतं आणि मेंदू म्हणतो बास आता, श्वास कमी कर. हा ब्रेक सोडवायचं काम किडनी करते, बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातली अल्कली, लघवीतून बाहेर टाकून, आणि त्याला एक-दोन दिवस लागतातच. रेस्ट डे हा त्या किडनीसाठी असतो. लोक म्हणतात रक्त वाढतं, ते खरं आहे पण त्याला आठवडे लागतात, नामचेच्या एका दिवसात काही होत नाही.

डायमॉक्स हेच किडनीचं काम लवकर करून घेते म्हणून ती देतात, सहसा १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. आपल्याकडे गोळी २५० ची मिळते म्हणजे अर्धी करायची, ब्लेडने इथेच तोडून डबीत भरून न्या, तिथे गारठलेल्या बोटांनी तिचा चुरा होतो. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोडा किंवा कोल्ड्रिंक बेचव लागतं, यात घाबरायचं नाही. पण ती रेस्ट डेच्या बदल्यात घ्यायची गोळी नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि दीर बीपीची गोळी घेतात ना, मग त्यांनी त्यांच्याच डॉक्टरांना विचारून घ्यावी, माझ्या किंवा वाघाच्या सांगण्यावरून नको.

फिटनेसने उंचीच्या आजारापासून संरक्षण मिळत नाही, उलट फिट माणूस भराभर चढतो म्हणून कधीकधी तोच आधी बसतो.

ऐरोली_ते_कुठेही
दिवसभर काय करायचं त्याचं मी सांगतो कारण मी नामचेला तीनदा राहिलोय. पहिलं म्हणजे झोपायचं नाही, नाश्ता झाला की सगळ्यांना वर न्या, स्यांगबोचेची धावपट्टी ओलांडून एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेल, ३८८० मीटर, आणि आरामात चढायचं म्हणजे एवढं आरामात की मागून येणाऱ्या याकलाही आपण आजीबाई वाटू, तिथे अर्धा-पाऊण तास बसा, आभाळ साफ असेल तर एव्हरेस्ट, ल्होत्से आणि आमा दबलम एका रांगेत, चहा महाग आहे पण एक घ्या. मग खाली नामचेत येऊन झोपायचं. दिवसा उंच जायचं आणि रात्री खाली झोपायचं, रेस्ट डेचा सगळा खेळ हाच. ज्यांच्यात दम आहे त्यांना खुमजुंगवरून फिरवून आणा, हिलरींनी १९६१ मध्ये बांधलेली शाळा तिथे आहे, आणि गोम्पात (बौद्ध मठात) यतीच्या, म्हणजे हिममानवाच्या, डोक्याची कातडी म्हणून एक काहीतरी काचेच्या पेटीत ठेवलेलं दाखवतात, सोसायटीतली पोरं खूश होतील.

दुपारी कपडे धुवा, नामचेला ऊन असेल तर मोजे वाळतात, पुढे काही वाळत नाही. पाणी दिवसाला तीन-चार लिटर. लसणाचं सूप सगळे पाजतील, प्या, गरम आणि खारट असतं म्हणून चांगलं, त्याने उंची लागायची थांबत नाही. बियर नको, झोपेची गोळी अजिबात नको. दाळभात दुसऱ्यांदा वाढतात, लाजू नका. इथून मेतकूट न्या, तोंडाला चव राहत नाही तेव्हा गरम भातावर मेतकूट म्हणजे काय असतं ते तिथे कळतं.

अजून एक, रात्रीचं. शेजारच्या पलंगावरचा माणूस झोपेत श्वास घ्यायचा थांबतो, दहा-बारा सेकंद काहीच नाही, मग एकदम बुडता माणूस वर आल्यासारखा हुंदका. मी पहिल्या वेळी मित्राला हलवून उठवला आणि त्याने मला शिव्या घातल्या. उंचीवर हे बऱ्याच जणांना होतं, आधी सांगून ठेवा नाहीतर रात्री दोन वाजता तुमचं दार वाजेल.

घोडबंदरची_धाकटी
बापरे, हे श्वासाचं बरं झालं सांगितलंत, कोणीच बोललं नव्हतं. आमच्याकडे कोरोनातले ऑक्सिमीटर घराघरात पडलेत, ते न्यावेत का?

ऐरोली_ते_कुठेही
एक न्या, तेरा नका नेऊ. नामचेला ८५ ते ९० च्या घरात आकडा दिसला की ठाण्यात ९८ बघायची सवय असलेली माणसं हादरतात. मग जेवताना स्पर्धा सुरू होते, तुझे किती माझे किती, दहावीच्या निकालासारखं. बोट गार असेल तर आकडा खोटा येतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

खारघरची_मावशी
माणसाकडे बघा हे लाख बोललास बाळा. धाकटी, मी तुला माझं सांगते, तुझे दीर आणि मी एकाच मातीचे.

सहा वर्षांपूर्वी गेले तेव्हा मी ५१ ची, ग्रुप नऊ जणांचा, बाकी सगळे तिशीतले. रोज खारघरच्या डोंगरावर जाणारी बाई, मला मागे पडायचं नव्हतं. तेंगबोचेपासून डोकं धरलं होतं. कोणी विचारलं की म्हणायचे पित्त झालंय. आपल्याकडे पित्त म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही गं, डोकं दुखलं पित्त, मळमळलं पित्त, जेवण गेलं नाही पित्त. आणि उंचीची लक्षणं अगदी हीच असतात, त्यामुळे मी खोटं बोलतेय असं मलाही वाटत नव्हतं. पिशवीतलं सूतशेखर संपवलं मी.

दिंगबोचेच्या रेस्ट डेला बाकीचे मागच्या टेकडीवर गेले, मी म्हटलं कपडे धुते. दुपारी ते परत आले तेव्हा मी डायनिंग हॉलमध्ये शेगडीशेजारी बसून जॅकेटची चेन लावत होते. दोन टोकं एकमेकांत बसेनात. हसू येत होतं मला, चेन लागत नाही म्हणून. आमच्या गाइडने ते लांबून पाहिलं, काही बोलला नाही, जवळ येऊन म्हणाला दीदी इधर आओ, आणि फरशीच्या फळ्यांच्या रेघेवरून टाचेला चवडा लावत चालायला सांगितलं. पाऊल दोनदा रेघेबाहेर पडलं. तिसऱ्यांदा मी भिंत धरली.

त्याने सॅक भरायलासुद्धा वर जाऊ दिलं नाही. दोन पोर्टर आणि तो, माझ्या दोन्ही बाजूंनी धरून, त्याच संध्याकाळी खाली देबुचेला, साधारण ६०० मीटर खाली. सकाळी उठले तर डोकं हलकं, भूक लागलेली. बेस कॅम्प काही झाला नाही माझा. त्या दिवशी रेस्ट डे नसता तर मी लोबुचेच्या वाटेवर असते, ४९०० ला, सगळे दमलेले आणि स्वतःच्या पायाकडे बघत चाललेले. चेन कोणाला दिसली असती?

म्हणून म्हणते, लपवणारा माणूस रेस्ट डेलाच सापडतो. चालताना सगळेच धापा टाकतात, बसल्यावर कळतं कोणाला काय होतंय.

कळव्याचा_डॉक्टर
मावशी, तुमचा गाइड हुशार होता. रेघेवरून चालता न येणं म्हणजे मेंदूला सूज येत असल्याची खूण, तिथे सकाळची वाट बघत नाहीत. तसंच बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला वाढत असेल तर फुप्फुसात पाणी होतंय असं धरून लगेच खाली. साधं डोकं दुखत असेल तर त्याच उंचीवर थांबा, वर नाही. दिंगबोचेहून टेकाड ओलांडलं की फेरीचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं क्लिनिक आहे, सीझनमध्ये डॉक्टर असतात आणि दुपारी उंचीच्या आजारावर बोलतात, रेस्ट डेला ग्रुपला तिथे न्या. इन्शुरन्स काढताना हेलिकॉप्टर आणि ६००० मीटरपर्यंतचं कव्हर आहे ना ते वाचून घ्या.

कोपरीचा_वाघ
मावशी, माझ्या पोस्टबद्दल सॉरी. आमच्यातला एक जण दिंगबोचेनंतर दोन दिवस जेवला नव्हता, आम्ही त्याला पित्तच म्हणत होतो. आत्ता आठवलं.

घोडबंदरची_धाकटी
मावशी, वाचून अंगावर काटा आला. हे सगळं ग्रुपवर टाकते. रजेचं काय, तर परतीला लुकलाच्या विमानासाठी दोन दिवस जादा धरलेत त्यातला एक कापू म्हणतायत.

येऊर_सकाळी_सहा
तोही नको. लुकलाचं विमान ढग आले की अडतं. ज्यांना रजाच नाही त्यांनी पुढच्या वर्षी यावं, कटू आहे पण खरं.

घोडबंदरची_धाकटी
बरं. पण मूळ प्रश्न राहिलाच. दिवस ठेवला तरी मी मोठ्या दिरांना रोज संध्याकाळी "भाऊजी, डोकं दुखतंय का" कसं विचारू? एकदा विचारलं तर हसतील, दोनदा विचारलं तर चिडतील, आणि उत्तर "काही नाही, पित्त" हेच.

खारघरची_मावशी
तू विचारूच नकोस. त्यांनाच वही दे. शंभर पानी घे, तेरा नावं लिही, पुढे डोकं, जेवण, झोप, लघवी, रेघेवरून चालणं असे रकाने. मोठे म्हणून तुम्हीच रोज रात्री सगळ्यांची हजेरी घ्या म्हणावं, पोरं तुमचंच ऐकतात. बारा जणांना विचारून झालं की तेरावं नाव स्वतःचं येतं, आणि सगळे समोर बसलेले असतात. आणि रेघेवर पहिलं त्यांनाच चालून दाखवायला सांग, पोरांना डेमो म्हणून.

घोडबंदरची_धाकटी
अपडेट. काल वही दिली. नामचेचा दिवस राहिला, एक जण गळला, आता १२. भाऊजींनी आज पहाटे येऊरच्या गेटवरच हजेरी घेतली, रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवरून सगळ्यांना टाचेला चवडा लावून चालवलं, दूधवाला थांबून बघत होता. माझं पाऊल एकदा बाहेर पडलं. आत्ता मेसेज आलाय, "वहिनी, तुमचं काय ते डॉक्टरांना दाखवून घ्या, लपवू नका."