आईला स्टेजवर जायचं नाही आणि ट्रंकही द्यायची नाही. मंडळाला काय सांगू?

धाकटा_७६

नमस्कार. गाव बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, ज्यांच्याबद्दल लिहितोय ती पोरंही इथं वाचत असतील.

गेल्या रविवारी मंडळाची पाच-सहा पोरं घरी आली. १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणात कार्यक्रम आहे, त्यात आईचा वीरमाता म्हणून सत्कार करायचा, शाल-श्रीफळ द्यायचं. शिवाय स्टेजवर देखावा. बंदुका, हेल्मेट सगळं थर्माकोलचं, पण काहीतरी ओरिजिनल पाहिजे म्हणून माझ्या थोरल्या भावाची, आण्णाची, ट्रंक मागायला आली होती.

आई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात मसुराचं बियाणं हाय." पोरांना वाटलं म्हातारीला ऐकू आलं नाही. एकानं जोरात परत सांगितलं. ही परत तेच.

खोटं बोलत नव्हती. काळी पत्र्याची ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, पलटण. ती आली १९८८ च्या संक्रांतीनंतर. आत तीन शर्ट, लोकरी बनियन, दाढीचा ब्रश, एचएमटीचं घड्याळ आणि मी आईच्या सांगण्यावरून लिहिलेलं अंतर्देशीय पत्र, न फोडलेलं. सोबत यादी होती. आप्पांनी यादीप्रमाणे एकेक वस्तू मोजून घेतली आणि सही केली, सोसायटीतून खताची पोती उतरवून घेतल्यागत. दोन वर्षं ट्रंक माळ्यावर पडून होती. मग एका सालात उंदरांनी बियाण्याची नासाडी केली, तेव्हा आईनं ती खाली काढली, कपडे गाठोड्यात बांधले आणि राखेत घोळलेला मसूर आत भरला. तेव्हापासून दरवर्षी भात निघालं की आमची पेरणी त्याच ट्रंकेतून होते.

आण्णा श्रीलंकेत गेला. ऑक्टोबर १९८७. वय चोवीस, लग्नाला पाच महिने. जुलैच्या २९ तारखेला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला, तेव्हा रेडिओ ऐकून आप्पा म्हणाले होते, "शांतिसेना हाय, लढाई न्हाई. बरं झालं." आण्णाचं एक पत्रही आलं, इथं नारळ लई स्वस्त आहेत म्हणून.

तार आली तेव्हा दिवाळी दोन दिवसांवर होती. मी अकरा वर्षांचा, अंगणात किल्ला करत होतो. तार इंग्रजीत, म्हणून पोस्टमननं ती मास्तरांकडे दिली. मास्तरांनी वाचली, घडी घातली, परत उघडून वाचली. मग चप्पल काढून आत गेले. एरवी ते ओसरीवरूनच बोलत. त्यांच्या चपला उंबऱ्यापाशी बघितल्या आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तो किल्ला नंतर कुणी मोडला नाही. वर पेरलेली मोहरी आपली वाढत राहिली.

देह आलाच नाही. लाल फडकं बांधलेलं एक मडकं आलं.

वहिनी तेव्हा एकोणीस वर्षांची. गावातल्या शहाण्यांनी आमच्या चुलतभावाचं नाव सुचवलं, घरची सून घरात राहील म्हणून. आईनं कुणाचं ऐकलं नाही. चार वर्षांनी तिनंच चंदगडकडचं स्थळ बघून वहिनीचं लग्न लावून दिलं. पेन्शन बंद झाली. "हातची पेन्शन घालवली" हे वाक्य मी बारावीपर्यंत ऐकलंय. वहिनी अजून दर दिवाळीला येते.

आता रागाचं. २०२५ च्या मे महिन्यात पाकिस्तानशी ते चार दिवस चालू होतं, तेव्हा याच पोरांच्या स्टेटसवर लाहोर घ्या, कराची घ्या. १० तारखेला थांबलं, तर कट्ट्यावर सुतक. थांबवलंच कशाला, म्हणे. पहलगामला जे सव्वीस जण मारले त्याचा संताप मलाही होता, आहे. पण पुंछमध्ये तोफगोळ्यांनी घरातली लहान पोरं मेल्याची बातमी आली, ती बघायला कुणी थांबलं नाही, चॅनल बदललं. आईनं उठून टीव्हीचं बटणच बंद केलं. तेव्हापासून आमच्यात टीव्ही नाही, मालिकाही गेल्या तिच्या. अडतीस वर्षांत आण्णा कुठं गेला, कसा गेला, हे गावात एकानं विचारलेलं नाही. एकानंही. आणि आता एकदम ट्रंक पाहिजे.

माझी अडचण अशी की याच पोरांबरोबर गल्लीत राहायचं आहे, आई आजारी पडली तर गाडी यांचीच येणार. शिवाय बहिणीचा मुलगा अग्निवीरसाठी रोज पहाटे सोळाशे मीटर पळतो, तोही या मंडळात. नाही कसं म्हणू? आणि दुसरं, आण्णाचं नाव कुठं लिहिलेलं आहे का? आईनं कधी विचारलं नाही, मला बघायचं आहे.

सुभेदार_निवृत्त

भाऊ, मी त्या वेळी तिकडेच होतो. पलटण वेगळी. म्हणून आधी नावाचं सांगतो. दिल्लीत राष्ट्रीय समर स्मारक आहे, तिथं त्याग चक्र म्हणून गोल भिंती आहेत, ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेक नाव. उघडलं तेव्हा २५,९४२ नावं होती, श्रीलंकेतली त्यात धरून. त्यांच्या वेबसाइटवर नाव घालून शोधता येतं, आधी ते करा. कोलंबोतही आपल्या जवानांचं स्मारक आहे, तिथंही नावं कोरलेली आहेत. ते २००८ चं. दिल्लीतलं २०१९ चं. परक्या मुलखात अकरा वर्षं आधी झालं, यावर मी काही बोलत नाही.

देह का आला नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तेव्हा तशी पद्धतच नव्हती. देह घरी पोचवायचं खऱ्या अर्थानं सुरू झालं कारगिलला. आमच्यातले गेले त्यांना तिथंच अग्नी दिला. मी स्वतः लाकडं गोळा केली आहेत, ओली होती, पेटत नव्हती.

आम्हाला सांगितलेलं की समोरच्यांची, म्हणजे लिट्टेच्या तमिळ बंडखोरांची, हत्यारं जमा करून घ्यायची. ऑक्टोबरात तीच हत्यारं आमच्यावर फिरली. ११ तारखेच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानात शीख लाइट इन्फंट्रीचे तीस जवान हेलिकॉप्टरनं उतरवले. एकोणतीस मेले, एक पकडला गेला. अडीच वर्षांत जवळजवळ बाराशे गेले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तिथले मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत. त्यांचं म्हणणं, या फौजेनं तमिळांनाच मारलं.

आणि हे सगळं खोटं नव्हतं. तुमच्याकडं तार आली त्याच दिवाळीत, २१ तारखेला, जाफन्याच्या मोठ्या दवाखान्यात आपल्या फौजेच्या गोळ्यांनी डॉक्टर, नर्स, पेशंट मेले. आतून गोळीबार झाला असं आपलं म्हणणं, तिथली माणसं ते मानत नाहीत. मी तिथं नव्हतो, पण नंतर त्या शहरात पहारा केलाय. एक म्हातारी रोज आमच्या चौकीसमोरून जायची आणि थुंकायची. पोरं चिडायची. मी म्हणायचो, थुंकू दे.

ट्रंक देऊ नका.

जय_मंडळ

काका, मी तुमच्या गावचा नाही, पण आमच्याकडंही असाच कार्यक्रम असतो, म्हणून वाईट वाटलं. पोरं मनापासून करतात हो. वर्गणी काढतो, रात्र रात्र जागतो. कर्नल सोफिया कुरेशी टीव्हीवर आल्या तेव्हा आपल्या गोकाक तालुक्याची सून म्हणून आम्ही बॅनर लावला, अभिमान वाटला त्यात चूक काय? श्रीलंकेचं आम्हाला कुणी शिकवलंच नाही. शाळेत त्याबद्दल काही वाचल्याचं मला तरी आठवत नाही. तुम्हीच का नाही सांगितलं पोरांना?

धाकटा_७६

@जय_मंडळ, शेवटचं वाक्य लागलं. खरं आहे, मीही सांगितलं नाही. आमच्या घरात तो विषय निघाला की कुणीतरी उठून म्हशीला पाणी दाखवायला जायचं.

पण अभिमान वेगळा आणि "थांबवलंच कशाला" वेगळं. ज्याच्या घरातून कुणी जायचं नाही त्यानं ते म्हणू नये, एवढंच.

नीलाक्का

भाऊ, माझे मालक काश्मीरमध्ये गेले, मुलगी सात महिन्यांची होती. स्टेजचा अनुभव सांगते. पहिल्या वर्षी गाडी न्यायला आली. दुसऱ्या वर्षी आदल्या रात्री फोन. तिसऱ्या वर्षी माझ्या हातात दिलेली शाल फोटो झाल्यावर परत मागितली, पाहुणे जास्त आले होते म्हणून! भाषणं दोन तास उन्हात, आणि प्रत्येक जण माझ्याकडं बोट करून बोलणार. रडले तर टाळ्या, नाही रडले तर "बाई कठोर आहे".

तुमच्या आईंनी सुनेचं लग्न लावलं हे वाचून मी थांबलेच. तेव्हा नियमच तसा होता, दिराशी लग्न केलं तर पेन्शन चालू, बाहेर केलं तर बंद. शौर्यपदकाच्या भत्त्याला तर ही दिराची अट २०१७ पर्यंत होती. १९९१ साली त्या माउलीनं ते केलं. सत्कार करायचाच तर त्याचा करा म्हणावं. पण ते स्टेजवर कुणाला झेपणार?

मंडळाला सरळ सांगा, आई येत नाही, मी येतो, शाल नको, दहा मिनिटं द्या. आणि जाऊन आण्णाबद्दल बोला. नारळ स्वस्त आहेत ते पत्र वाचा. आणि भाच्याला पहिल्या रांगेत बसवा.

धाकटा_७६

नीलाक्का, सुभेदारसाहेब, आभारी आहे. काल रात्री मंडळाच्या अध्यक्षाला सांगितलं. तो म्हणाला, दहा नको, पाच मिनिटं घ्या, पाठोपाठ डान्स आहे. बरं म्हटलं. ट्रंकेचा विषय त्यानं परत काढला नाही.

वेबसाइटवर नाव सापडलं. भाच्यानं मोबाईल आईपुढं धरला. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. तिला वाचता येत नाही, पण ट्रंकेवरचा नंबर तिला आकारानं पाठ आहे. तो जुळतोय का, ते बोटानं एकेक आकडा लावून बघत होती. जुळला.

मग सुभेदारसाहेबांचं उत्तर वाचून दाखवलं. दवाखान्याचं गाळणार होतो, पण वाचलं. ती काही बोलली नाही. थुंकणाऱ्या म्हातारीपाशी आल्यावर म्हणाली, "तिचंबी कोण गेलं आसंल." सकाळी भाकऱ्या करताना मध्येच विचारलं, "तिथं भात पिकतंय काय गा?" मला माहीत नव्हतं. साहेब, सांगाल का?

सुभेदार_निवृत्त

पिकतं म्हणावं. माती तांबडी आहे, आपल्या खानापूरकडं असते तशी. ताडाची झाडं उंचच उंच. कांदा होतो, बारका, लालभडक. आणि निपाणीसारखी तंबाखूसुद्धा, बांधाला बांध लागून.