कराची बंदराची ती बातमी आणि मावशीची रात्र

रातवा: ८ मे २०२५ ची रात्र. 'ऑपरेशन सिंदूर' आदल्या दिवशी सुरू झालेलं. मावशीकडे टीव्ही चालू होता. निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडत होता, आपल्या विक्रांत युद्धनौकेने कराची बंदर बेचिराख केलं! मागे हवाई हल्ल्याचा भोंगा. मावशीचा मुलगा नौदलात आहे. तिने देवापुढे दिवा लावला आणि पहाटेपर्यंत तिथून हलली नाही. ११ तारखेला नौदलाचे व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी सांगितलं की, कराचीसह निवडक ठिकाणांवर हवं तेव्हा मारा करायची आमची पूर्ण तयारी होती. म्हणजे मारा झालाच नव्हता. ही पत्रकारिता म्हणायची का?

घाटमाथा: मावशींबद्दल वाईट वाटलं. पण पलीकडे पाकिस्तानात काय चाललं होतं? व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी म्हणून फिरवली. भारताची विमानं पाडल्याचा पुरावा सीएनएनने मागितला, तर त्यांचे संरक्षणमंत्री म्हणाले, सोशल मीडियावर आहे! अशा शेजाऱ्यासमोर आपल्याच वाहिन्यांना का झोडपायचं? लोकांचं मनोबलही टिकायला हवं.

रातवा: कुणाचं मनोबल? पूंछमध्ये पाकिस्तानी तोफांच्या माऱ्यात मदरशातले एक शिक्षक गेले. आपलाच माणूस, आणि आपल्याच काही वाहिन्यांनी त्यांना दहशतवादी ठरवलं. शेवटी पूंछ पोलिसांना खुलासा करावा लागला. त्यांच्या घरच्यांनी दुःख करायचं की टीव्हीशी भांडायचं?

गिरगावकर: आम्ही २६/११ पाहिलंय. नरिमन हाउसच्या गच्चीवर कमांडो उतरत होते ते घरबसल्या दिसत होतं, आणि हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणारेही तेच बघत होते. २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना खडे बोल सुनावले. तेव्हा हातातली खरी दृश्यं दाखवून घोळ झाला. या वेळी हातात काहीच नव्हतं, तरी दाखवलं. मला हे जास्त भयंकर वाटतं.

घाटमाथा: पूंछचं मान्य, त्याला माफी नाही. पण रात्रभर अधिकृत माहिती मिळाली नाही की अफवा पसरणारच. सरकारने दर दोन तासांनी माणूस समोर बसवायला हवा होता. सगळं खापर वाहिन्यांवर फोडू नका.

रातवा: सरकारबद्दलचं पटतं. पण माहिती नाही, तर खाली पट्टीवर 'अजून दुजोरा नाही' एवढं लिहिता येत नव्हतं? भोंगा कुठून आणला? तो वापरू नका, असं गृहमंत्रालयाला १० मे रोजी सांगावं लागलं. मावशी अजूनही बातम्या आवाज बंद करून बघते.