भाडेकरूंचे आधार-पॅन ग्रुपवर नको

सेक्रेटरी (बी-१०१): ज्यांचे फ्लॅट भाड्याने आहेत त्यांनी भाडेकरूच्या आधार-पॅनची झेरॉक्स आज संध्याकाळपर्यंत वॉचमनकडे द्यावी किंवा फोटो इथेच टाकावा. फाईल अपुरी आहे. 🙏

सी-६०२: 📷 हे घ्या आमच्या भाडेकरूचं.

ए-२०४: ताई, ते आधी 'डिलीट फॉर एव्हरीवन' करा, प्लीज. ग्रुपवर १३८ जण आहेत, सोडून गेलेला केबलवालासुद्धा.

बी-३०५: आधार काय हो, सगळीकडे देतोच की आपण.

ए-२०४: देतो म्हणूनच सांगतोय. मागे गाडीच्या लोनसाठी गेलो, तर बँकेतली मुलगी म्हणते, "सर, तुमचं एक पर्सनल लोन थकलंय." मी जन्मात पर्सनल लोन घेतलेलं नाही! सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढला. नाव माझं, पॅन माझा, जन्मतारीख माझी. पत्ते मात्र दोन, एक आपल्या सोसायटीचा आणि एक अशा गावचा जिथे मी कधी पाय ठेवलेला नाही. मोबाईल नंबरही भलताच. कर्ज किती? ९,४०० रुपये. कुठल्याशा अ‍ॅपवरून काढलेलं. पण हप्ता १२० दिवस थकलेला, त्यामुळे स्कोर धाडकन खाली. खाली एन्क्वायरीच्या रकान्यात आणखी सहा नोंदी. म्हणजे गडी सहा ठिकाणी प्रयत्न करून आला होता.

डी-४०३: बाई गं! मग?

ए-२०४: मग काय काकू, चकरा. सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट टाकला. पण सिबिल स्वतः होऊन काही खोडत नाही, कर्ज देणाऱ्याला विचारतं. म्हणून त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला वेगळा मेल. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार करून तिचा नंबर त्या मेलला जोडला. तरी गप्प. मग रिझर्व्ह बँकेचा नियम लिहिला: तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, एप्रिल २०२४ पासून लागू आहे. २६ व्या दिवशी उत्तर आलं.

बी-३०५: पॅन गेला कुठून पण?

ए-२०४: तेच तर कळत नाही. सिमच्या दुकानात, हॉटेलात, जिममध्ये... किती ठिकाणी दिलाय हे आठवायला बसलो आणि हात टेकले.

डी-४०३: आमच्या ह्यांनी कधी कर्जच काढलं नाही. आम्हाला कसली भीती?

ए-२०४: काकू, कर्ज न काढणाऱ्याला तर सगळ्यात उशिरा कळतं. रिपोर्ट बघायची वेळच येत नाही ना. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकेकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मी आता दर तीन महिन्यांनी एकाचा काढतो. काकांचा रविवारी येऊन काढून देतो, चहा ठेवा.

ए-५०१: आधारची मास्क्ड (नंबर झाकलेली) कॉपी डाउनलोड करता येते, फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आधारच्या सरकारी अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉकही करा. आणि संचार साथी या सरकारी साइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. माझ्या बाबांच्या नावावर एक जास्तीचं निघालं होतं.

बी-३०५: पॅन मास्क होतो का?

ए-५०१: नाही. झेरॉक्सवर पेनाने आडवं लिहायचं, 'फक्त भाडेकराराच्या कामासाठी', तारीख टाकून. अक्षरं छापील मजकुरावरून गेली पाहिजेत, कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकतात.

ए-२०४: सेक्रेटरी काका, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालक ऑनलाइन भरतोच. त्याची पोचपावती फाईलला लावली तर नाही का चालणार? वॉचमनच्या टेबलावर पॅनची चळत कशाला?

सेक्रेटरी (बी-१०१): पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेतो. पण टेबलावर काही नसतं, गैरसमज नको. फाईल कपाटात कुलपात असते. हे बघा. 📷

ए-५०१: काका, फोटो डिलीट करा. फाईल उघडी आहे, वरच्या कागदावर एफ-२०३ चा पॅन नंबर वाचता येतोय.